सहीआधी फेरफार बघा

अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी विचारले आहे: शाळेत मुलांसाठी अंतराळाचा एक कोपरा करायचा आहे. त्यासाठी स्वतःच्या पगारातून ४०,००० रुपये बाजूला काढले आहेत. ऑनलाइन दोन वस्तू नजरेत भरल्या. एक, नील आर्मस्ट्राँगची सही असलेला फोटो, प्रमाणपत्रासह, ३२,००० रुपये. दुसरी, ॲक्रिलिकमध्ये बसवलेला सोनेरी फॉइलचा नखाएवढा तुकडा, ‘अपोलो ११ बरोबर चंद्रापर्यंत जाऊन आलेला’, ७,५०० रुपये. घ्यावे का? जाता जाता त्यांनी एक ओळ जोडली आहे: आजोबा मुंबईला गोदीत कामाला होते, त्यांच्या वहीत युरी गागारीनची सही आहे असे आजी सांगते, तीही मांडली तर चालेल का?

सर, त्या दोन्ही वस्तू घेऊ नका. वहीबद्दल शेवटी लिहितो, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे.

मी भुसावळचा. रेल्वेत नोकरी केली. ३ एप्रिल १९८४ ला राकेश शर्मा सोयूझ टी-११ मधून गेले तेव्हा मी शाळेत होतो. त्या उड्डाणावर आपल्या टपाल खात्याने ३ रुपयांचे तिकीट काढले. ते आमच्या पोस्टात आले तसे मी विकत घेतले, पाकिटावर चिकटवले, माझ्याच पत्त्यावर टाकले. शिक्का बसून ते घरी आले तिथून हा नाद सुरू झाला. त्या पाकिटावर कुणाचीही सही नाही आणि ते अंतराळात गेलेले नाही. तरी माझ्या कपाटात त्याच्याइतके खात्रीचे दुसरे काही नाही. खिडकीवरच्या बाबूंनी दिले, मी घेतले, आजवर माझ्याकडे आहे. मध्ये कुणीच नाही.

आपल्याकडे शेत घेताना माणूस माती हातात घेऊन बघतो, विहिरीचे पाणी बघतो, पण इसार देण्याआधी सातबारा मागतो आणि फेरफार तपासतो. जमीन कुणाची होती, कुणाकडून कुणाकडे गेली, वाटणी झाली का, बोजा आहे का. अंतराळातल्या वस्तूचे अगदी तसेच आहे. सही हुबेहूब काढता येते, फॉइल कापता येते, कापडाचा तुकडा कुठूनही आणता येतो. पन्नास-पंचावन्न वर्षांत ती वस्तू कुठल्या हातांतून गेली आणि त्या प्रत्येक हाताचा कागद आहे का, एवढेच खरेखोटे ठरवते. विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा. तो गडबडला, चिडला किंवा ‘प्रमाणपत्र आहे ना’ म्हणाला, की तिथेच थांबा.

प्रमाणपत्राचे सांगतो. जळगावच्या सराफाकडे दागिना घेताना आपण हॉलमार्क बघतो, कारण ती खूण दुकानदाराची नसते, तिसऱ्याच तपासणाऱ्याची असते. तुम्ही पाठवलेल्या चित्रातले प्रमाणपत्र विकणाऱ्याने स्वतःच्याच लेटरहेडवर छापलेले आहे, त्यावर एक चकचकीत होलोग्राम आहे, आणि सही कुठे, केव्हा, कुणाला दिली याचा एक शब्द नाही. दागिन्यावर दुकानदाराने स्वतःच खिळ्याने ‘शुद्ध’ कोरावे तसे ते आहे.

आता आर्मस्ट्राँग. अंतराळवीरांत सगळ्यात जास्त खोट्या सह्या याच माणसाच्या आहेत. आपल्या सह्या विकल्या जातात आणि बनावटही फिरतात हे कळल्यावर त्यांनी १९९४ च्या सुमारास सह्या देणे बंद केले. २०१२ मध्ये ते वारले. मागणी वाढत राहिली, नव्या सह्या येणे थांबले, आणि ती पोकळी नकली मालाने भरून काढली. अस्सल, कुणाचे नाव न घातलेली आर्मस्ट्राँगची सही ३२,००० रुपयांत मिळत नाही. जगभरचे जाणकार लिलाव बघत बसलेले असताना ती अमळनेरपर्यंत स्वस्तात का यावी, हे स्वतःला विचारून बघा.

नकलेहून अवघड प्रकार ऑटोपेनचा. साठ-सत्तरच्या दशकांत नासाकडे सह्या मागणाऱ्या पत्रांचा पूर यायचा. त्यासाठी यंत्र होते. सहीचा एक साचा बसवायचा, खरे पेन अडकवायचे, यंत्र तीच सही पुन्हा पुन्हा काढणार. शाई खरी, फोटो खरा, पाकीटही नासाचे खरे, फक्त हात माणसाचा नाही. हाताने सही करताना जोर कमीजास्त होतो, रेघ कुठे जाड कुठे बारीक होते, शेवटचा फराटा उचलता उचलता विरतो. यंत्राची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी असते, टोकाला पेन टेकून थांबल्याचा ठिपका असतो, आणि वळणावर कधी कधी बारीक थरथर दिसते. सगळ्यात पक्की परीक्षा वेगळीच आहे. कुठलाही माणूस आयुष्यात दोन सह्या तंतोतंत सारख्या करत नाही. त्यामुळे एक सही दुसरीवर ठेवली आणि केसाचाही फरक निघाला नाही, तर ती यंत्राची.

हे मी पैसे घालवून शिकलो. नोकरीत असताना एका मोठ्या शहरातल्या विक्रेत्याकडून आर्मस्ट्राँगचा पांढऱ्या अंतराळपोशाखातला सहीचा फोटो घेतला. दोन महिन्यांचा पगार गेला. पुढे कित्येक वर्षांनी एका परदेशी लिलावाच्या पुस्तिकेत ऑटोपेनचे नमुने छापलेले पाहिले. ट्रेसिंग पेपरवर एक नमुना उतरवला, मोजमाप जुळवून माझ्या फोटोवर ठेवला. रेघ रेघेवर बसली. त्या रात्री मला झोप लागली नाही. तो विक्रेता खोटारडा होता की त्यालाही माहीत नव्हते, हे कधी कळले नाही. फोटो अजून आहे, मागे पेन्सिलीने ‘यंत्राची सही’ लिहून ठेवले आहे, म्हणजे माझ्यामागे तो दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडू नये.

सराफ डोळ्याला लावतात ते दहापट दाखवणारे भिंग घ्या, फार महाग नसते. छापील सही भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी होऊन दिसते, पेनाची शाई सलग दिसते. फोटोची पाठही बघा. नासाच्या त्या काळातल्या मूळ फोटोंवर पुढे वरच्या कोपऱ्यात लाल आकड्यांत क्रमांक असतो आणि पाठीवर ‘ए कोडक पेपर’ अशी अक्षरे पुन्हा पुन्हा छापलेली असतात. त्याने सही खरी ठरत नाही, पण सही १९७० ची सांगितली आणि फोटो घरगुती प्रिंटरवर काढलेला निघाला, तर पुढे बोलायलाच नको. असाच काळाचा मेळ शर्मा यांच्या तुकडीच्या तिहेरी सह्यांतही बसवायचा असतो. त्यांच्याबरोबरचे युरी मालिशेव १९९९ मध्ये आणि गेन्नादी स्त्रेकालोव २००४ मध्ये गेले. तिघांच्या सह्या असलेला कागद त्याआधीचाच हवा.

एक कथा तुम्हाला हमखास ऐकवली जाईल: ‘अपोलो ११ चे तिघे मुंबईला आले होते, तेव्हा आमच्या काकांनी सही घेतली.’ ते तिघे १९६९ च्या ऑक्टोबरात जगदौऱ्यात मुंबईला खरोखरच आले होते. त्यामुळे कथा खोटीच असे म्हणता येत नाही, आणि नेमकी म्हणूनच ती वापरली जाते. खऱ्या इतिहासाचा आधार म्हणजे त्या कागदाचा आधार नव्हे. काका तेव्हा मुंबईत कुठे होते, सही कशावर घेतली, त्याच दिवसाचे दुसरे काही जपले आहे का, हे विचारा.

फॉइलच्या तुकड्याकडे येतो. अपोलोच्या मुख्य यानावर कॅप्टॉन नावाच्या पातळ प्लास्टिकचा धातूचा मुलामा दिलेला थर होता. यान समुद्रात उतरल्यावर तो जागोजाग सोलून निघालेला असे. काही तुकडे परतीच्या कामावरच्या लोकांनी ठेवले, पुढे ते ॲक्रिलिकमध्ये बसवून भेट दिले गेले, विकले गेले. म्हणजे अस्सल तुकडे आहेत. पण कॅप्टॉन आजही बनते. जळगावला गोलाणी मार्केटात मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे जी पिवळसर सोनेरी चिकटपट्टी असते, ती त्याच जातीची. नखाएवढ्या तुकड्याकडे नुसते बघून तो चंद्राला वळसा घालून आला की दुकानातून, हे सांगता येत नाही. मूळ मोठा तुकडा कुणाकडे होता, त्याने लेखी काय दिले, तो कुणी आणि केव्हा कापला, आणि तुमचा तुकडा त्यातलाच हे कशावरून, असा फेरफार असेल तरच घ्यावा. तुमच्या जाहिरातीत यातले काहीच नाही.

कागद हरवला तर काय होते आणि सापडला तर काय होते, याचे एकच उदाहरण पुरे. आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावरची पहिली माती ज्या कापडी पिशवीत आणली, ती नोंदींच्या घोळात भलत्याच नावाखाली गेली आणि २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या ऑनलाइन लिलावात ९९५ डॉलरला विकली गेली. घेणाऱ्या बाईंनी ती तपासायला नासाकडे पाठवली. आत चंद्राची धूळ निघाली आणि नासाने पिशवी परत द्यायला नकार दिला. बाई कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. जुलै २०१७ मध्ये सदबीजच्या लिलावात तीच पिशवी १८ लाख डॉलरला गेली. कापड तेच, शिवण तीच, आधी फक्त ओळख पुसली गेली होती.

मालकीचा कायदाही समजून घ्या. अपोलोच्या सहा मोहिमांनी ३८२ किलो दगडमाती आणली, ती अमेरिकी सरकारची आहे. कुणी ‘अपोलोचा चंद्रदगड’ विकायला आणला, तर तो खोटा आहे किंवा चोरीचा. खासगी मालकीत कायदेशीरपणे आलेले चंद्राचे नमुने म्हणून जे प्रसिद्ध आहेत ते रशियन: लूना १६ ने १९७० मध्ये आणलेले तीन कण, जे सोव्हिएत अंतराळ मोहिमांचे मुख्य रचनाकार कोरोल्योव्ह यांच्या पत्नीला भेट दिले होते आणि २०१८ मध्ये ८,५५,००० डॉलरला विकले गेले. अंतराळवीरांनी स्वतःजवळ ठेवलेल्या चेकलिस्ट, झेंडे, बिल्ले यांवरून मात्र बरेच वाद झाले. जिम लव्हेल यांनी अपोलो १३ ची चेकलिस्ट लिलावात दिली, ती ३,८८,००० डॉलरच्या वर गेली, आणि नासाने हरकत घेतली. त्यातून सप्टेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला की मर्क्युरी, जेमिनी, अपोलोच्या वीरांनी ठेवलेल्या अशा वस्तू त्यांच्याच मालकीच्या, चंद्रदगड वगळून. म्हणून वीराच्या स्वतःच्या पत्रासह आलेली वस्तू आज सगळ्यात भक्कम धरतात.

कोलंबिया यानाचे अवशेष म्हणून काही दाखवले तर हातही लावू नका. १ फेब्रुवारी २००३ ला कल्पना चावला आणि त्यांचे सहा सोबती ज्यात गेले, त्या यानाचा प्रत्येक तुकडा सरकारी मालमत्ता आहे आणि तो जवळ बाळगणे गुन्हा आहे. गुन्ह्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी असली वस्तू मी माझ्या घरात ठेवणार नाही. कल्पनाताईंच्या सह्यांतही नकली खूप आहेत. मुलांना दाखवायला त्यांचा स्वच्छ छापलेला फोटो पुरेसा आहे.

‘उडालेली’ आणि ‘न उडालेली’ हा फरक मुलांनाही शिकवण्यासारखा आहे. अपोलो ११ ते १६ च्या वीरांनी निघण्याआधी टपाल पाकिटांवर सह्या करून ती विश्वासू माणसांकडे ठेवली. उड्डाणाच्या किंवा चंद्रावर उतरण्याच्या दिवशी त्यांवर शिक्के मारून घेतले गेले. त्यांना परवडेल असा मोठा विमा मिळत नव्हता, म्हणून आपण परतलो नाही तर घरच्यांनी ही विकावीत हा हेतू. यांना विमा पाकिटे म्हणतात. ती जमिनीवरच राहिली, कुठेही उडाली नाहीत, तरी मला उडालेल्या पाकिटांहून तीच जास्त हलवून सोडतात. बापाने रात्री बसून आपल्या पोरांसाठी सह्या केल्या आहेत. याच्या उलट अपोलो १५ चे प्रकरण: १९७१ मध्ये त्या तिघांनी परवानगी नसलेली ३९८ पाकिटे चंद्रापर्यंत नेली, त्यातली १०० एका जर्मन तिकीट विक्रेत्याकडे गेली, आणि प्रकरण उघडकीला आल्यावर तिघांचे पुढचे उड्डाण संपले.

मग ४०,००० चे काय करायचे? मी तुमच्या जागी असतो तर निम्मेसुद्धा खर्च केले नसते. आधी १९८४ चे आपले तिकीट आणि त्याचे फर्स्ट डे कव्हर, म्हणजे तिकीट निघाले त्याच दिवसाचा शिक्का असलेले पाकीट, घ्या. आर्यभट्ट १९ एप्रिल १९७५ ला गेला, त्याचेही तिकीट आहे. तिकीटवाल्यांकडे दोन्ही अगदी कमी पैशांत मिळतात आणि खोटी करण्यात कुणाला फायदा नाही. मग अपोलोच्या काळातले जहाजाचे शिक्के असलेले एखादे पाकीट. अपोलो ११ चे यान २४ जुलै १९६९ ला प्रशांत महासागरात उतरले तेव्हा हॉर्नेट हे जहाज त्यांना घ्यायला गेले होते. त्या जहाजावरच्या टपालाचा त्या तारखेचा शिक्का म्हणजे त्या दिवसाचा साक्षीदार. यानातला धातू मिसळून ओतलेली ॲल्युमिनियमची पदके नासाच्या आणि कंत्राटदारांच्या कामगारांना वाटली होती, ती आजही आवाक्यात आहेत. सहीच हवी असेल तर ॲस्ट्रॉनॉट स्कॉलरशिप फाउंडेशन बघा. मर्क्युरीच्या वीरांनी १९८४ मध्ये सुरू केलेली ही संस्था, वीरांकडूनच आलेल्या वस्तू विकून मुलांना शिष्यवृत्त्या देते. परदेशातून मागवताना कस्टम किती लागेल ते आधी विचारून घ्या, वस्तूच्या किमतीपेक्षा कधी कधी तेच जड जाते.

आणि आपल्या लोकांकडे बघा. शुभांशू शुक्ला २५ जून २०२५ ला अंतराळ स्थानकाकडे गेले आणि १५ जुलैला परतले. गगनयानासाठी त्यांच्याबरोबर प्रशांत नायर, अजित कृष्णन आणि अंगद प्रताप यांची निवड झाली आहे. ‘शुक्लांबरोबर जाऊन आलेले’ म्हणून बाजारात जे येईल त्याला वर सांगितलेलेच प्रश्न विचारा. सही मात्र मुलांनी स्वतः पत्र लिहून मागावी. पत्र हाताने लिहिलेले, एकच प्रश्न मनापासून विचारलेला, सोबत पत्ता लिहून तिकीट लावलेले परतीचे पाकीट. एकाच पत्रात पाच सह्या मागू नका. उत्तर आले तर ते पाकीट, पत्राची प्रत, तारीख, सगळे एकत्र ठेवा. तुमचा फेरफार तिथून सुरू होतो.

अंतराळात गेलेली वस्तू नाही मिळाली तर अंतराळातून आलेली ठेवा. साध्या उल्कापाषाणाचा छोटा तुकडा खात्रीच्या विक्रेत्याकडून परवडतो. सोबत मुलांना सांगा की १८४३ च्या जूनमध्ये आपल्या खानदेशातच मानेगावला एक उल्का पडली होती. ती डायोजेनाइट जातीची. या जातीचे दगड वेस्टा या लघुग्रहाचे असावेत असे शास्त्रज्ञ मानतात. माझ्या मते कोपऱ्यातली पहिली पाटी याच गोष्टीची असावी.

जपणुकीबद्दल थोडे, कारण आपल्या उन्हाळ्याने माझे तीन फोटो खाल्ले. भुसावळची मे महिन्यातली उष्णता एक वेळ कागद सोसतो. घात करतो तो कूलर. त्याची दमट हवा फोटोवर बसते, फोटो काचेला चिकटतो, आणि सोडवायला जावे तर सहीसकट वरचा थर निघतो. फ्रेममध्ये फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड कागदाची चौकट हवी. मार्करची सही उन्हात वर्षभरात फिकी पडते. वर्गात रंगीत झेरॉक्स लावा, मूळ कागद पॉलिस्टरच्या पिशवीत घालून लोखंडी कपाटात ठेवा, वाळवी आणि कसर यांच्यासाठी दर महिन्याला उघडून बघा. आणि कुणी कितीही आग्रह केला तरी लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका.

आता वही. गागारीन १९६१ च्या अखेरीस भारतात आले होते आणि मुंबईलाही गेले होते. तुमचे आजोबा तेव्हा तिथेच कामाला. म्हणजे गोष्ट शक्य आहे, याहून जास्त मी आज म्हणणार नाही. पण वही तुमच्या घराबाहेर कधी गेली नाही आणि मधली साखळी एका माणसाची आहे. असे पूर्वइतिहासाचे बळ परदेशी लिलावातल्या लाखोंच्या वस्तूंनाही अनेकदा नसते.

ते पान वहीतून फाडू नका, सुटे करू नका. आधीच्या आणि नंतरच्या पानांचेही फोटो काढा. त्या पानांवर हिशेब असतील, तारखा असतील, गावाकडे पाठवलेल्या मनीऑर्डरी असतील. सहीच्या मागेपुढे १९६१ चा डिसेंबर दिसला तर त्याचे वजन मोठे आहे. आजोबांचे गोदीचे ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, मुंबईच्या पत्त्याचे रेशनकार्ड, जे सापडेल ते वहीबरोबर ठेवा. गागारीन रशियन लिपीत सही करत आणि पुष्कळदा शेजारी तारीख घालत. ते मार्च १९६८ मध्ये गेले. नमुन्यांशी जुळवणी आपण नंतर करू.

त्याआधी या रविवारी आजीजवळ बसा. आजोबांनी काय सांगितले होते, कुठे उभे होते, पेन कुणाचे होते, घरी आल्यावर वही कुणाला दाखवली, हे त्यांना बोलू द्या, मध्ये थांबवू नका. मोबाइलवर आवाज घ्या आणि लिहूनही घ्या. त्या अहिराणीत सांगतील तर अहिराणीतच लिहा, पुस्तकी मराठी करू नका. खाली तारीख, त्यांची सही किंवा अंगठा, आणि ऐकायला बसलेल्या दोघांच्या सह्या. मग पानाचा एक फोटो मला पाठवा. भिंग घेऊन मी सुरत लाइनच्या गाडीने अमळनेरला येतो.